तंबोऱ्याची जवारी आणि मिरजेतला एक शनिवार

दिवाळीपासून आमच्या चौघींच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, तंबोरा झाला का. आमची ठाण्याची मैत्रीण कॉलेजात असताना गायची, सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजच्या गॅदरिंगला तिचं गाणं असलं की हॉस्टेलच्या मुली मेसचं जेवण टाकून जायच्या, पण पुढं नोकरी, लग्न, दोन मुलं, रोजची लोकल, यात गाणं बाजूला पडलं ते पडलंच. चार वर्षांपूर्वी तिनं परत क्लास लावला. रोज पहाटे पाचला उठून मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप लावून रियाझ करायची आणि आम्हाला कधीतरी रेकॉर्डिंग पाठवायची. मग तिच्या बाई तिला म्हणाल्या की आता खरा तंबोरा घे, आणि घ्यायचा तर मिरजेचाच घे. दिवाळीच्या सुट्टीत येऊन तिनं ऑर्डर दिली, फेब्रुवारीत मिळेल असं कारागिरांनी सांगितलं आणि आमचं तेव्हाच ठरलं की तो आणायला चौघींनी मिळून जायचं, त्या निमित्तानं एक दिवस सांगली-मिरज पोटभर फिरायचं आणि खायचं.

नावं लिहू नको असं तिघींनी बजावलंय म्हणून ठाणेकर, पुणेकर, बेळगावकर असंच लिहिते. मी सांगलीकर, लग्न होऊन गावभागात आले ती इथलीच झाले.

ठाणेकर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं पहाटे सांगली स्टेशनला उतरली. पुणेकर आदल्या रात्रीच गाडी घेऊन माझ्याकडं आलेली, आम्ही दोघी अंधारातच तिला आणायला गेलो. थंडी होती अजून, फेब्रुवारीतली पहाटेची सांगली शाल घ्यायला लावतेच. स्टेशनबाहेर पहिला चहा झाला आणि घरी न जाता सरळ गणपतीला गेलो, कारण मला त्या दोघींना गणपती मंदिर गर्दी व्हायच्या आत दाखवायचं होतं. कॉलेजला असताना शंभर वेळा गेलोय, पण तेव्हा पेपर चांगला जाऊ दे एवढं म्हणून पळत परत यायचो. या वेळी निवांत बसलो. काळ्या दगडाचा सभामंडप, पायाखाली गार फरशी, आणि पहाटेची ती शांतता. चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १८०१ मध्ये मिरजेतून वेगळे झाले, त्यांनी सांगली संस्थान उभं केलं आणि कृष्णेच्या काठी हे मंदिर बांधायला घेतलं. त्यांच्याच दरबारच्या आश्रयानं १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पहिलं मराठी नाटक केलं. पुणेकरला हे माहीत होतं पण ते इथं, या मंदिरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर घडलं हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी चोर गणपतीचं सांगितलं, म्हणजे भाद्रपदात चतुर्थीच्या आधीच, कुणाला कळू न देता इथं गणपती बसतो, वाजंत्री नाही, मिरवणूक नाही. मला हा गणपती फार आवडतो. गाजावाजा न करता येऊन बसणारा.

मंदिरातून माई घाटावर आलो. उजाडत होतं. फेब्रुवारीत कृष्णा शांत असते, पाण्यावर नुसता धूर असल्यासारखं धुकं, पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी घेऊन उतरलेलं. आणि समोर आयर्विन पूल. १९२९ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झालं म्हणून त्यांचं नाव. बाहेरगावच्या माणसाला तो एक जुना देखणा पूल दिसतो, आम्हाला मात्र तो पूल दिसला की आधी आकडा आठवतो. पावसाळ्यात सांगलीत कुणी कसे आहात विचारत नाही, आयर्विनला किती झालं विचारतात. चाळीस फुटाला इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी, हे इथल्या चौथीतल्या पोरालापण पाठ असतं. कोयनेतून पाणी सोडलं की इथं पोचायला किती तास लागतील याचा हिशोब घरोघरी चालतो.

ठाणेकरनं विचारलं की २०१९ च्या पुरात तुमच्या घरात किती पाणी आलं होतं. तेव्हा फोनवर बोलणं झालं होतं पण मी नीट कधी सांगितलंच नव्हतं. घाटाच्या पायरीवर बसून सांगितलं. आयर्विनला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आमच्या गल्लीत संध्याकाळी पाणी वळणावर दिसलं, रात्री उंबऱ्याला लागलं, सासूबाईंना आणि पोरांना घेऊन आम्ही विश्रामबागला नातेवाइकांकडं गेलो आणि परत आलो तेव्हा भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर चिखलाची रेघ होती. धान्य गेलं, गाद्या गेल्या, फोटोंचे अल्बम गेले. कॉलेजचे आपले सगळे फोटो त्यात होते गं, असं म्हटलं आणि तिघी गप्प झालो. पुणेकर म्हणाली माझ्याकडं आहेत, मी कॉपी काढून पाठवते. आणि तिनं खरंच पाठवले, परवाच कुरिअर आलं.

एवढं सगळं करूनही मला या नदीचा राग येत नाही. कुणाला पटणार नाही, पण काठावर राहणाऱ्याला हे कळेल.

नाश्ता कटवडा. यावर चर्चाच नव्हती. पुणेकरला पाव हवा होता, आमच्याकडं कटाबरोबर स्लाइस ब्रेड येतो, आणि एकदा तो कटात बुडवून खाल्ला की पाव का नको ते आपोआप समजतं, ब्रेड कट पितो आणि तोंडात विरघळतो. कट लालभडक दिसतो पण तिखटापेक्षा मसाल्याची चव पुढं पाहिजे, खोबरं आणि कांदा नीट भाजलेला असेल तरच ती येते. तिनं दोनदा कट मागून घेतला. मग गणपती पेठेतून गाडी काढली ती मुद्दाम, कारण हळदीचा सीझन सुरू झालेला आणि मला त्यांना तो वास द्यायचा होता. पोत्यांच्या थप्प्या, हमालांच्या अंगाखांद्यावर पिवळी धूळ, आणि हवेतच तो उग्र, मातीसारखा वास. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. दोघींनी एकेक किलो हळकुंडं घेतली, घरी दळून घ्यायची म्हणून.

बेळगावकर रेल्वेनं थेट मिरजेला येणार होती. सांगली ते मिरज म्हणजे आता एकच गाव झालंय, महापालिका एकच, मध्ये विश्रामबाग आणि आमचं कॉलेज. विलिंग्डनच्या गेटपाशी पाच मिनिटं थांबलो, १९१९ चं कॉलेज, आत नाही गेलो, सगळ्या एकदम बोलायला लागलो आणि मग एकदम थांबलो. पुढं निघालो.

मिरज स्टेशनला बेळगावकर उतरली ती हातात कुंद्याचा बॉक्स घेऊनच. तिचे वडील रेल्वेत होते, लहानपण मिरजेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलेलं, त्यामुळं स्टेशन दाखवायचा मान तिचा. ती सांगत होती की तिच्या लहानपणी मिरजेत तिन्ही गेज होते, ब्रॉडगेज, मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी ती नॅरोगेजची छोटी रेल्वे. आषाढीला वारकऱ्यांनी ती गाडी छतापर्यंत भरायची आणि तिचे वडील दोन-दोन दिवस घरी यायचे नाहीत. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी रेल्वे याच मिरजेतून गेली, कृष्णेचं पाणी टँकरच्या वॅगनमध्ये भरून. तेव्हा वडील रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली, तरी बेळगावहून फक्त ती गाडी सुटताना बघायला आले होते म्हणे. हे सांगताना तिचा आवाज जरा भरून आला.

आणि मग सतारमेकर गल्ली.

मी तेवीस वर्षं दहा किलोमीटरवर राहते, या गल्लीत दुकानाच्या आत जाऊन बसले नव्हते. दोन्ही बाजूला दुकानं, प्रत्येक दुकानाच्या छताला भोपळे टांगलेले, काही नुसते वाळलेले तर काही कापून पोकळ केलेले, खाली लाकडाचा भुसा, लाखेचा आणि पॉलिशचा वास, आणि कुठूनतरी एकच तार परत परत छेडल्याचा आवाज. आमचा तंबोरा करणाऱ्या चाचांचं दुकान लहान. वय सत्तरच्या पुढं असेल. आम्हाला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं आणि ठाणेकरला शांतपणे म्हणाले, ताई, तंबोरा तयार आहे पण जवारी राहिलीय, अजून आवाज बंद आहे, तीन-चार तास द्या.

पुणेकरनं घड्याळ बघितलं. तिनं फोनवर दिवसाचा प्लॅन लिहून आणलेला, अकरा ते बारा तंबोरा, साडेबाराला जेवण, मग हरिपूर, मग परत सांगलीत शॉपिंग. ती म्हणाली, चाचा, जरा लवकर नाही का होणार. चाचा म्हणाले, होईल की, पण मग तो वाजेल, बोलणार नाही.

या वाक्यावर आमचा सगळा प्लॅन संपला आणि आम्ही तिथंच बसलो.

आता जे बघितलं ते जमेल तसं सांगते, कारण मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हे बघताना मी तासभर हलले नाही. भोपळे येतात पंढरपूर, मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या मळ्यातून. हा खायचा भोपळा नाही, कडू असतो, वेलावरच वाळू देतात. मग इथं आणून टांगायचे, त्यातला आकार बघून निवडायचा, पाण्यात भिजवून कापायचा, आतला गर काढायचा आणि तोंड पसरून ठेवून परत वाळवायचा. बाईच्या आवाजाला लहान भोपळा, पुरुषाच्या खर्जाला मोठा. दांडी तुणीच्या लाकडाची, पुढं भोपळ्याचं तोंड झाकणारी तबली, जोडावर लाकडाची कोरलेली पानं, वर खुंट्या, खाली बारीक सूर जुळवायला मणी. दिवाळीला ऑर्डर देऊन फेब्रुवारी का लागला हे तेव्हा कळलं, त्यातला निम्मा वेळ वाळण्यातच जातो.

हे काम मिरजेत आलं कसं ते चाचांनी सांगितलं. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले बनवणारे आणि धार लावणारे. संस्थानाच्या काळात हत्यारांचं काम कमी होत गेलं, आणि मिरजेत गवयांचं येणंजाणं, पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड, वाद्यं दुरुस्तीला यायची. १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगारांनी ती दुरुस्त करता करता नवी बनवायला सुरुवात केली आणि पुढं त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. तलवारीला धार लावणारा हात तारेखालची घोडी घासायला लागला. मला हे ऐकून अंगावर काटा आला, खरंच सांगते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मिळालं तेव्हा पेपरात बातमी वाचून मी पान उलटलं होतं. आता त्या बातमीतली माणसं समोर बसून काम करत होती.

जवारी म्हणजे काय ते मी चाचांना तीन वेळा विचारलं आणि त्यांनी तिन्ही वेळा तितक्याच शांतपणे सांगितलं. तार ज्या पट्टीवरून जाते ती घोडी. तिचा वरचा भाग सपाट दिसतो पण सपाट नसतो, अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर हलकेच घासत थरथरते आणि त्यातून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. उतार कमी-जास्त झाला की आवाज बंद राहतो नाहीतर पत्रा वाजल्यासारखा फाटतो. म्हणून कानशीनं एक-दोन हात मारायचे, परत तार चढवायची, छेडायची, ऐकायचं, परत तार उतरवायची, परत घासायचं. मापायला यंत्र नाही, फक्त कान. आणि शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा एक बारीक धागा सरकवायचा. तो धागा जागेवर बसला की आवाज खुलतो.

त्यांचा मुलगा बाजूला सतारीचे पडदे बांधत होता, नातू कॉलेजला जातो आणि संध्याकाळी पॉलिश करायला बसतो. तो नातू पुढं हे करणार का असं बेळगावकरनं विचारलं. चाचा घोडीवरून नजर न काढता म्हणाले, करेल, त्याचा कान चांगला आहे.

बारा-सव्वाबाराला त्यांनीच आम्हाला उठवलं, जेवून या, दर्ग्यात जाऊन या, तुम्ही बसला की माझं लक्ष तुमच्याकडं जातंय म्हणाले.

जेवण जवळच्याच एका खाणावळीत. अख्खा मसूर, ज्वारीची भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत, खर्डा, कच्चा कांदा, ताक. अख्खा मसूर हा आमच्या सांगली जिल्ह्याचा, इस्लामपूरकडचा जीव की प्राण, हायवेवर कुठल्याही ढाब्यावर मिळतो पण चांगला क्वचितच मिळतो, कारण मसूर मऊ झाला पाहिजे पण दाणा मोडायला नको आणि वरचा तवंग तेलाचा नको, मसाल्याचा पाहिजे. इथला जमला होता. वांगी तर काय सांगायची, काटेरी देठाची, कोवळी, बी न लागणारी, काठच्या काळ्या मातीची चव त्यात उतरते हे माझं ठाम मत आहे आणि मी ते कुणाशीही भांडून सांगेन. ठाणेकरनं तीन भाकरी खाल्ल्या. ती म्हणाली ठाण्यात भाकरी गार असते. इथं ती बाई तव्यावरून थेट ताटात टाकत होती, आपण नको म्हणेपर्यंत. शेवटी बेळगावकरनं कुंदा काढला आणि खाणावळीच्या मावशींनापण दिला, त्यांनी आमच्याकडून ताकाचे पैसे घेतले नाहीत.

मग ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात. भर दुपारी अंगणात गार वाटत होतं. उरुसाची परंपरा साडेसहाशे वर्षांच्या आसपासची, आणि उरुसातला पहिला मानाचा गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, हे मिरजेत सगळे अभिमानानं सांगतात. हिंदू-मुसलमान दोन्ही येतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही, मलाही लहानपणापासून वाटलेलं नाही. आवारातच अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. गाण्यातल्या किराणा घराण्याचे खाँसाहेब, उत्तरेतल्या कैराण्यात जन्मलेले आणि मिरजेचे झालेले. प्लेगच्या आजारात त्यांनी इथं दर्ग्यात गाऊन सेवा केली आणि बरे झाले असं सांगतात. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला निघाले असताना वाटेत त्रास व्हायला लागला म्हणून एका लहान स्टेशनावर उतरले आणि तिथं प्लॅटफॉर्मवरच गेले. त्यांना मिरजेत आणून याच आवारात ठेवलं. दरवर्षी उरुसाला त्यांच्या नावानं गाण्याच्या बैठकी होतात, देशभरातले मोठमोठे गवई येऊन इथं चिंचेच्या झाडाखाली गाऊन गेलेत, तिकीट नसतं, जमिनीवर बसून कुणीही ऐकावं.

ठाणेकर किराण्याचंच शिकते, तिच्या बाई त्या घराण्याच्या. मला हे त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. ती कबरीपाशी बसली, डोक्यावर पदर घेतला आणि बराच वेळ उठली नाही. आम्ही तिघी लांब थांबलो. तिनं काय मागितलं ते आम्ही विचारलं नाही. बाहेर येताना ती फक्त एवढंच म्हणाली की सात-आठ वर्षांपूर्वी ती मिरजेला महिनाभर होती, आई दवाखान्यात होती तेव्हा, आणि तेव्हा तिला मिरज म्हणजे औषधांच्या दुकानांची रांग आणि रात्रीचं बाकडं एवढंच दिसलं होतं. १८९४ मध्ये डॉक्टर वॉनलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून मिरज दवाखान्यांचं गाव आहे, अर्ध्या कर्नाटकातून पेशंट येतात, आईपण इथून बरी होऊन घरी गेली होती. पण दर्गा पाचशे पावलांवर होता आणि मी आले नाही, असं ती म्हणाली. बेळगावकरनं तिचा हात धरला आणि आम्ही चालत गल्लीत आलो.

चार वाजून गेले होते. चाचांनी तंबोरा उभा धरून ठाणेकरच्या मांडीवर दिला. चार तारा, पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची पितळेची खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची. तिनं एकदा हात फिरवला आणि दुकान भरलं. दुसरा शब्द मला सुचत नाही, दुकान भरलं. शेजारच्या दुकानातला पॉलिशवाला हात थांबवून बघायला लागला. ती डोळे मिटून तारा छेडत राहिली, पहिल्या आवर्तनाला हात थोडा कापत होता, मग स्थिर झाला. चाचा म्हणाले, आता खर्जाकडं कान द्या, त्यात गंधार आहे. गंधार म्हणजे सा रे ग मधला ग, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. कुठल्याच तारेवर तो लावलेला नसतो, तंबोरा नीट लागला आणि जवारी जमली की खर्जातून तो आपला आपण येतो.

मला येईना ऐकू. पुणेकरलाही येईना. चाचांनी स्वतः बारीक आवाजात तो गंधार गुणगुणून दाखवला, एवढ्या वयाच्या माणसाचा आवाज पण सूर अगदी सरळ, आणि मग म्हणाले आता परत ऐका. आणि आला. खर्जाची तार सुटली की तिच्या शेपटाला, वर कुठंतरी, बारीक, स्वच्छ. एकदा ऐकू आल्यावर मग थांबेचना, प्रत्येक वेळी यायला लागला. सकाळपासून गल्लीत तोच आवाज चालू असणार आणि माझे कान त्याच्यावरून जात होते. ठाणेकर रडत होती, तारा चालूच होत्या.

पैसे ठरले होते तेवढेच घेतले. चाचांनी प्रवासासाठी तारा उतरवून सैल केल्या, भोपळ्याला जुन्या चादरीची गादी केली, वरून खोळ चढवली, आणि सूचना दिल्या. उन्हात ठेवू नका, दमट भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात खोळ काढू नका, रोज वाजवा. रोज वाजवा हे तीनदा सांगितलं.

हरिपूरला पोचेपर्यंत सूर्य खाली आलेला. वाटेत भडंग आणि द्राक्षं घेतली, तासगावची द्राक्षं या दिवसांत हातगाडीवर ढीगभर असतात, पातळ सालीची, बोटानं दाबली तर रस येईल अशी. भडंगात लसूण नीट तळलेला होता, हेच बघायचं असतं भडंग घेताना, लसूण कच्चा राहिला की दुसऱ्या दिवशी वास मारतो. हरिपूरला कृष्णा आणि वारणेचा संगम, काठावर संगमेश्वर, मोठी झाडं. मी त्यांना पेवांचं सांगितलं. पूर्वी हरिपुरात जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद साठवायचे, तोंड अरुंद, आत पोट मोठं, इथल्या मातीत पाणी झिरपत नाही आणि कीड लागत नाही, त्यामुळं हळद वर्षानुवर्षं रंग न सोडता राहायची. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि बहुतेक गेली. मोठमोठ्या गोडाऊनचं कौतुक होतं, पण मातीचा असा उपयोग ज्यांना सुचला त्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही याचं मला वाईट वाटतं.

बेळगावकर म्हणाली काढ ना तंबोरा, इथं बसून गा, संगमावर. ठाणेकरनं मान हलवली, नदीचा ओलावा लागेल त्याला. मग तो गाडीत मागच्या सीटवर खोळीत झोपून राहिला आणि आम्ही चौघी पायरीवर भडंग खात बसलो, पाणी तांबूस झालं, मग करडं. एक नाव पलीकडं जाऊन परत आली. फार बोललो नाही.

रात्री मटणाच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचा बेत होता तो राहिलाच, वेळ नव्हता, आणि शनिवार म्हणून पुणेकर तसंही खाणार नव्हती. सासूबाईंनी दशम्या केलेल्या, शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट बांधून दिलं. त्यांनी तंबोऱ्याला हळदकुंकू लावलं, घरात वाद्य आलंय म्हणून, आणि भोपळ्यावरून हात फिरवून म्हणाल्या, केवढं हलकं गं. बेळगावकर आणि पुणेकर माझ्याकडं मुक्कामाला थांबल्या, आम्ही तिघी ठाणेकरला सोडायला गेलो. महालक्ष्मी आली तेव्हा डब्यात शिरताना भोपळा पुढं धरून ती आणि दांडी मागून धरून मी, अशा चढलो. तिचा लोअर बर्थ होता. समोरच्या काकांनी आपली बॅग उचलून वर ठेवली आणि विचारलं, मिरजेचा का. तंबोरा बर्थवर आडवा ठेवून उरलेल्या जागेत ती पाय दुमडून बसली, अशीच जाते म्हणाली.

रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तारा चढवल्या होत्या पण सूर लागेना, ठाण्याची हवा वेगळी. चाचांना कॉन्फरन्सवर घेतलं. ते ऐकत होते आणि तिकडून सांगत होते, जोडीची दुसरी थोडी चढवा, थांबा, मणी खाली घ्या, आता खर्ज, अजून खाली, अजून, हां. आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात फोनभोवती डोकी जोडून बसलो होतो, गॅसवर चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. ती छेडत होती. चाचा म्हणाले, धागा केसभर पुढं सरकवा. तिनं सरकवला, परत छेडली.

फोनच्या स्पीकरमधून काही नीट कळत नव्हतं. तिनं विचारलं, गंधार येतोय का तुम्हाला. चाचा म्हणाले फोनवर नाही येणार ताई, तुम्हाला येतोय का ते सांगा. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, नुसत्या तारा चालू होत्या. मग म्हणाली, येतोय.